आईंचा लाल टाका

माझ्या सासूबाई नाकावर माशी बसू देत नाहीत आणि माझं तोंड फटकळ. अशा दोन बायका एकाच दुकानात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना इतकी वर्षं एकमेकींचा जीव न घेता कशा बसल्या, हे आमच्या गल्लीला पडलेलं कोडं आहे. खरं सांगायचं तर मलाही पडलेलं आहे.

आमचं दुकान ताडपत्र्यांचं. ताडपत्र्या, गाड्यांची कापडी छतं, सीटची कव्हरं, जाड कापडाचं म्हणून जे काही शिवायचं असेल ते सगळं. सासरे होते तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, नुसते काठ दुमडून द्यायच्या. सासरे गेले आणि पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक हळहळत आलं, "आता दुकान कुणाला देणार हो?" आई म्हणाल्या, "देणार कशाला? तुम्हाला ताडपत्री हवीय ना? माप सांगा." हा किस्सा मी लग्न झाल्यापासून ऐकतेय, आणि दर वेळी त्या गिऱ्हाइकाचं तोंड थोडं अधिक उतरलेलं असतं.

गाव संपतं तिथे डांबरी रस्ताही वाळूत बुडून संपतो. पुढे थेट समुद्रापर्यंत वाळूच्या टेकड्या. या टेकड्यांवर गाड्या चढवायचं वेड असलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे आणि वर्षातून एकदा त्यांचा मेळावा भरतो. टायरमधली निम्मी हवा सोडायची, गाडीला उंच काठीवर झेंडा लावायचा, म्हणजे टेकडीपलीकडून येणाऱ्याला आधीच दिसतो, आणि मग दिवसभर वर चढायचं, खाली घसरायचं आणि मध्येच कुठेतरी रुतून बसायचं. मला विचाराल तर रिकामटेकडेपणा. पण माझा नवरा गॅरेजवाला, त्याचा सगळा जीव त्या वाळूत. ग्रुपमध्ये त्याचं काम ठरलेलं आहे. गाडी रुतली की ओढायचा पट्टा घेऊन धावायचं, एक टोक रुतलेल्या गाडीला, दुसरं ओढणाऱ्या गाडीला अडकवायचं आणि बाजूला होऊन खूण करायची. बाजूला म्हणजे कितीसा बाजूला होणार? पट्टा ताणला जातो तेव्हा त्याच्या सगळ्यात जवळ माझा नवरा उभा असतो.

हा पट्टा साधा नसतो. तो ताणला की लांबतो आणि आखडताना झटक्यात गाडी बाहेर काढतो. आणि तुटला, तर तोच झटका घेऊन उलटा येतो. फार वर्षांपूर्वी एक तुटला होता. गाडीची मागची काच फोडून आत गेला आणि चालवणाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं. आई तेव्हा मेळाव्याचा मांडव शिवून द्यायला तिथे गेल्या होत्या. सगळे जखमी माणसाभोवती, आणि या बाई तुटलेला तुकडा उचलून घरी घेऊन आल्या. टेबलावर ठेवून तो उसवला. पट्ट्याचं टोक दुमडून शिवलेलं असतं, आम्ही त्याला कान म्हणतो. त्या कानाच्या दुमडीत वाळू शिरली होती आणि दर ओढीला तिने आतून दोरा कापत आणला होता. वरून टाके अगदी नव्यासारखे दिसत होते.

तेव्हापासून ग्रुपमध्ये रीतच पडली. मेळाव्याआधी सगळ्यांचे पट्टे आमच्या दुकानात यायचे. आई एकेक पट्टा मांडीवर घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीतून कान सावकाश फिरवायच्या. आत वाळूचा कण जरी असला तरी त्यांच्या बोटाला लागायचा. पास झाला तर कानावर एक लाल टाका. नापास झाला तर कात्रीने दोन तुकडे, मग तो कुणाचाही असो. ग्रुपचा म्होरक्या पेशाने दातांचा डॉक्टर, त्याला सगळे म्होरक्याच म्हणतात. एकदा त्याचा कोरा करकरीत पट्टा आईंनी कापला तेव्हा तो लहान पोरासारखा रुसून बसला होता. पण लाल टाका नसलेला पट्टा टेकड्यांवर न्यायचा नाही, हे त्याचंही म्हणणं.

आता त्या दिवसाचं सांगते. मेळावा दुसऱ्या दिवशी होता. नवरा सकाळीच पुढे गेला होता, वाटा बघायला. वाऱ्याने टेकडीचा माथा सरकतो, काल जिथे उतार होता तिथे आज सरळ कडा असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी दोन-तीन गाड्या जाऊन बघून येतात. पट्टे तपासून, टाके घालून केव्हाच ज्याचे त्याला गेले होते. मी स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीचे डबे काढत होते. गॅसवर दूध उतू जायला आलं आणि आईंनी पातेलं उचललं.

नुसत्या हाताने उचललं. आता फडकं घ्यायला माणूस विसरतं, मीही विसरते. पण चटका बसला की हात मागे येतो की नाही? आईंचा आला नाही. त्या पातेलं घेऊन सावकाश टेबलापर्यंत चालत आल्या, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "झाकण कुठेय?"

माझ्या नाकात वास गेला. कातडी भाजल्याचा.

"आई, हात दाखवा."

"काही नाही झालं."

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी मूठ मिटली. मी ती उघडायला गेले तर त्या हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसला प्रकार. शेवटी मी मनगट धरून मूठ उघडलीच. बोटांची टोकं भाजून पांढरी पडली होती आणि त्यांच्या आजूबाजूला सुई टोचल्याचे बारीक काळे ठिपके होते. कितीतरी. जन्मभर सुई चालवलेल्या बाईच्या बोटांना एवढ्या सुया टोचतात कशा?

"दुखतंय?" मी विचारलं.

त्यांनी मनगट सोडवून घ्यायला बघितलं.

"आई, दुखतंय का, एवढंच विचारतेय मी."

"नाही दुखत," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "आधी मुंग्या यायच्या. आता त्याही येत नाहीत."

"कधीपासून?"

"साखर वाढली ना, तेव्हापासून हळूहळू. होतं असं म्हणतात."

माझ्या काळजात धस्स झालं. साखरेचं नाही, साखर घरोघरी असते. मला मांडीवरचे पट्टे दिसले आणि त्यांची ती मिटलेल्या डोळ्यांची, चिमटीतून कान फिरवणारी मूर्ती दिसली. या वर्षीचे सगळे पट्टे त्यांनी याच बोटांनी तपासले होते.

"आई! टाके घातलेत तुम्ही! सगळ्यांना टाके घातलेत!"

त्या दुधावर झाकण ठेवत होत्या. ते नीट बसत नव्हतं, तरी ठेवत होत्या.

मी नवऱ्याला फोन लावला. टेकड्यांच्या आत गेलं की फोन लागत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी परत परत लावत राहिले. म्होरक्याचाही लागेना. मग मी गाडीची किल्ली घेतली. भाजलेल्या हाताला मलम लावायला थांबले तेवढंच, तेही आई "राहू दे" म्हणत असताना.

"चला बसा गाडीत."

"मी कशाला? तू जा. सांग, आईंना पट्टे पुन्हा एकदा बघायचेत. सगळे गोळा करून आण. बाकी काही बोलू नकोस."

"पुन्हा बघायचेत? कशाने बघणार? या बोटांनी?"

त्या गाडीत बसल्या.

गाव मागे पडत होतं. पिठाची गिरणी, शाळा, टायरवाला, बंद पडलेला बर्फाचा कारखाना. एरवी या रस्त्यावर आईंची टीका चालू असते, कुणाचं छप्पर गळतं, कुणी आपल्याकडून ताडपत्री न घेता बाहेरून आणली आणि ती कशी फाटली. आज एक शब्द नाही. शेवटी मलाच राहवेना.

"कळलं कसं नाही तुम्हाला? निदान पहिला पट्टा हातात घेतल्यावर तरी?"

"कळलं ना."

"मग?"

"अगं, बोटाला काही लागलं नाही म्हणजे वाळू नाही, हाच नेहमीचा नियम. पहिला घेतला, काही लागलं नाही. म्हटलं, चांगला असेल. बहुतेक चांगलेच असतात. दुसऱ्यालाही काही लागलं नाही. तिसऱ्याला..." त्या थांबल्या. "चवथ्या-पाचव्यापाशी कळून चुकलं. पण तोवर टाके घालून झाले होते. आता थांबले तर लोक विचारणार, का थांबल्या? म्हणून पुढचेही केले."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दर वर्षी दोन-तीन पट्टे तरी कापले जायचेच. या वर्षी एकही नाही. ग्रुपमधले सगळे केवढे खूश होते, "मावशी यंदा मवाळ झाल्या" म्हणून हसत होते, आणि त्या हसण्यात मीसुद्धा सामील होते. रोज शेजारी बसणारी मी.

"तुम्ही सांगणार आहात की मी सांगू?"

"दुकान संपेल."

"दुकान गेलं खड्ड्यात! तिथे तुमचा मुलगा उभा असतो, आई. पट्ट्याशेजारी तुमचा मुलगा उभा असतो!"

"ठाऊक आहे मला कोण उभा असतो ते," त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मी दचकले. "तू सांगितलंस तर कुणी ऐकणार नाही. मीच सांगेन. पण मला जरा धीर येऊ दे."

धीर यायला वेळ कुठे होता? डांबर संपलं, आम्ही वाळूत उतरलो, आणि पहिलं वळण घेतल्यावर समोरच दिसलं. मोठ्या टेकडीच्या उतारावर म्होरक्याची गाडी दारापर्यंत रुतून तिरकी झाली होती. खाली सपाटीवर ग्रुपमधल्या बेकरीवाल्याची गाडी पाठ करून उभी होती. दोन गाड्यांच्या मध्ये पट्टा पसरलेला, आणि माझा नवरा वाकून रुतलेल्या गाडीला त्याचं टोक अडकवत होता.

मी ॲक्सिलेटर दाबला. टायरमधली हवा कमी करायला हवी होती, ती कोण करणार? शंभर पावलं जाऊन आमचीच गाडी बसली. चाकं गरागरा फिरली आणि खोल गेली. काच खाली करून मी ओरडले. वारा समुद्राकडून आमच्याकडे येत होता, माझा आवाज माझ्याच तोंडात परत आला. मग मी हॉर्न दाबला.

"हॉर्न नको!" आईंनी माझं मनगट पकडलं. "अगं बये, एक हॉर्न म्हणजे तयार, दुसरा म्हणजे ओढ!"

त्यांची खूणच ती. वाऱ्यात शब्द ऐकू येत नाहीत म्हणून पट्टा लावल्यावर हॉर्नवर काम चालतं. मी त्या वाळूच्या वाटेला कधी जात नाही, मला कुठलं आठवायला? माझा हात दुसऱ्यांदा दाबायला निघालाच होता. समोर बेकरीवाल्याच्या गाडीच्या मागच्या नळीतून धूर निघाला. एक हॉर्न त्याने ऐकला होता. तो तयार होता. नवरा गोंधळून इकडेतिकडे बघत होता, हॉर्न दिला कुणी म्हणून.

मी दार उघडून धावले. वाळूत धावून बघा कधी. पाय पुढे टाकावा तर अर्धा मागे येतो, आणि पहिल्या चार पावलांत चप्पल गेली. धापा टाकत मी नवऱ्यापर्यंत पोचले आणि त्याच्या शर्टाला धरून त्याला बाजूला ओढलं.

"पट्टा सोड! तो पट्टा लावू नकोस!"

"तू इथे काय करतेस? घरी काही झालं का?"

"पट्टा कच्चा असेल! कळतंय का तुला?"

त्याने मला पट्ट्याचं टोक दाखवलं. "हा बघ की लाल टाका. आईचा टाका आहे." आणि हसला. "तू काय आता आईच्या वर परीक्षा घेणार?"

"आईंनीच..." मी म्हणाले, पण त्याने बेकरीवाल्याला हात वर करून खूण केली, थांब, दोन मिनिटं. मग मला म्हणाला, "हे बघ, गाडी तिरकी आहे, आणखी घसरली तर उलटेल. एवढी काढतो, मग भांडू." लग्नाची बायको जीव तोडून सांगतेय आणि माणूस एका लाल दोऱ्यावर विश्वास ठेवतो. ठेवणारच. मीही आयुष्यभर ठेवलाच होता.

म्होरक्या गाडीच्या खिडकीतून ओरडला, "काय चाललंय? ओढताय की नाही?"

आणि मग तोच गप्प झाला. मी वळून बघितलं. आई येत होत्या. गुडघे दुखतात म्हणून दुकानाच्या दोन पायऱ्या भिंत धरून उतरणारी बाई, वाळूतून चालत येत होती. आमच्याकडे नाही, सरळ पट्ट्याकडे. लावलेल्या पट्ट्याच्या आसपास कुणी फिरकायचं नाही, ओलांडायचा तर मुळीच नाही, यावरून त्यांनी ग्रुपमधल्या प्रत्येकाची एकदा तरी हजेरी घेतलेली आहे. त्या दोन्ही गाड्यांच्या बरोबर मध्ये आल्या, खाली हात टेकले आणि पट्ट्यावर मांडी घालून बसल्या.

"आई, ऊठ तिथून!" नवऱ्याचा आवाज चिरकला. "इंजिन बंद कर रे! बंद कर!"

बेकरीवाल्याने इंजिन बंद केलं. वाळूवरून वारा सुसाट जात होता. आईंनी दोन्ही हात वर केले, बोटं पसरून.

"ही बोटं मेलीत," त्या म्हणाल्या. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ओरडत होत्या. "मला काही लागत नाही. यंदाचे सगळे टाके खोटे आहेत. मला ठाऊक होतं आणि मी घातले."

म्होरक्या खिडकीतून हळूच बाहेर उतरला आणि वाळूत उभा राहिला. नवरा आईकडे बघत होता. मला वाटलं तो धावत जाऊन त्यांना उठवेल. पण तो आधी पट्ट्याचं टोक सोडायला वाकला, आणि त्याला ते सुटेना. मी सोडलं.

म्होरक्याची गाडी त्यांनी शेवटी फावड्याने उकरून, चाकांखाली फळ्या घालून काढली. त्यात दुपार गेली. तोवर मुक्कामाच्या जागी बाकीच्या गाड्या येत होत्या आणि बातमी पसरत होती. सगळ्यांनी आपापले पट्टे आणून मांडवाखाली टेबलावर ठेवले. मांडव आमच्याच दुकानात शिवलेला. आई टेबलाशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"आता काय करायचं?" म्होरक्याने विचारलं. "मेळावा रद्द?"

"ही बघेल," आई म्हणाल्या. मी मागे वळून बघितलं, ही कोण. तर मीच.

मला? मला त्यांनी इतक्या वर्षांत कुणाच्या पट्ट्याला हात लावू दिला नव्हता. "तुझ्या हाताला धीर नाही," हे ठरलेलं उत्तर. म्हटलं, "आई, मला नाही जमायचं."

"मग रद्द," आई म्हणाल्या. "बस इथे. डोळे मीट. वर अंगठा, खाली दोन बोटं. पळू नकोस. बोट कुठे अडखळलं की थांब आणि बोल."

मी बसले. पहिला पट्टा घेतला, डोळे मिटले, आणि मला काहीच कळेना. नुसता जाड, खरखरीत दोरा. दोनदा फिरवला. ठीक वाटला. दुसराही ठीक. तिसऱ्यात काहीतरी चुरचुरल्यासारखं झालं, की नाही झालं? पुन्हा फिरवला. आता काहीच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. "नाही," मी म्हणून टाकलं, म्हणजे नापास. आईंनी कात्री माझ्याकडे सरकवली. मी कान कापला, दुमड उघडली. आत स्वच्छ होतं, वाळूचा कणही नव्हता.

"अहो, चांगला होता की हो!" पट्टा म्होरक्याचा निघाला. माझं नशीब!

"होता," आई म्हणाल्या. "आता नाही. दुसरा आणा."

पुढचे पट्टे मी घेतले तेव्हा मनात एकच, आता आणखी एखादा चांगला कापला तर हे लोक मला फाडून खातील. एक, आणखी एक, ठीक, ठीक. मग नवऱ्याचा आला, उतारावर लावलेला तोच. वरून नवा कोरा दिसत होता. मी फिरवला. वळणापाशी आत काहीतरी होतं. बारीक, साखर चावल्यासारखं. पण मघाशीही तसंच वाटलं होतं ना? आणि हा तर आमचाच. मी परत फिरवला. म्हटलं, नसेल. म्हटलं, चांगलाच असणार, बहुतेक चांगलेच असतात. आणि तेवढ्यात मला कळलं की मी आईंचंच वाक्य बोलतेय.

आई पट्ट्याकडे बघत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बोल," त्या म्हणाल्या.

"नाही."

मी कापला. वाळू भसाभसा टेबलावर सांडली. आतला दोरा पिंजून गेलेला. नवऱ्याने कानाची दोन टोकं धरून नुसती ओढली, हातांनी, आणि शिवण टरकन उसवली. तो तसाच उभा राहिला, दोन तुकडे दोन हातांत घेऊन. मग खुर्ची शोधायला लागला, आणि ती सापडायच्या आत वाळूतच खाली बसला.

मी उरलेले सगळे पट्टे बघितले. आणखी एक वाईट निघाला. म्होरक्याने दुसऱ्या दिवशीची मोठी टेकडी वगळली, लहान वाट ठरवली. ते सगळं झालं. पण मला सांगायचंय ते त्याच्या मधलं.

लोक आईंशी फार चांगलं वागले. इतकं चांगलं की बघवेना. बेकरीवाल्याने चहा आणून दिला. कुणीतरी भाजलेल्या हाताला पट्टी बांधली. म्होरक्या म्हणाला, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. वय झालं की होतं असं. कुणाला काही झालं नाही ना, बास." कुणी म्हणालं, इतकी वर्षं तुम्हीच तर सांभाळलंत आम्हाला. नवरा उठून आला, आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे गं आई."

"वय नाही झालं," आई म्हणाल्या. "खोटं वागले मी. माझ्या मुलाचा जीव गेला असता." सगळे आपले मान हलवत, मायेने हसत. आईंनी एकेकाकडे बघितलं. "रागवा की रे कुणीतरी!"

कुणी रागावलं नाही. रागावणार कोण? त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या, झालं. एका दुपारच्या आत त्या सगळ्यांसाठी बिचाऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. हळूहळू लोक आपापल्या गाड्यांकडे गेले, नवराही गेला. मांडवाखाली आम्ही दोघी उरलो.

"तूसुद्धा?" त्या म्हणाल्या. "एरवी मिठावरून बोलतेस मला."

मग मी तोंड सोडलं. जे काही सकाळपासून गिळलं होतं ते सगळं. म्हटलं, लाज नाही वाटली तुम्हाला? लोकांच्या चुका दहा वर्षं सुनावता, बाहेरून आणलेल्या ताडपत्रीवरून लोकांची अब्रू काढता, आणि स्वतःच्या बोटांचं एक वाक्य तोंडातून निघालं नाही? मी शेजारी बसते. रोज शेजारी बसते! मला नाही सांगितलंत. धीर नाही म्हणता मला, आणि तुम्हाला होता? तो आज मेला असता, आई. पट्टा मध्ये तुटला असता आणि तो मेला असता, आणि तुम्ही अन् मी त्याच टेबलाच्या दोन बाजूंना बसून काय शिवलं असतं? मी तुम्हाला कधी माफ केलं नसतं. कधीच नसतं केलं. अजून केलेलं नाही. माझा आवाज फुटला तरी मी बोलतच राहिले, रडत बोलत राहिले. मांडवाबाहेरून कुणीतरी डोकावून लगेच मागे गेलं.

आई डोळे मिटून ताठ बसून ऐकत होत्या. गालांवरून पाणी ओघळत होतं, त्या पुसत नव्हत्या. मध्येच "हं" म्हणायच्या, "हं, बरोबर." शेवटी माझ्याकडे बोलायचं काही उरलं नाही. मी त्यांच्या खुर्चीशेजारी वाळूत बसले आणि त्यांचा न भाजलेला हात मांडीवर घेऊन त्याची बोटं दोन्ही हातांत धरली. बराच वेळ धरून बसले.

त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. वाऱ्याने मांडवाचं कापड फडफडत होतं.

"गेलीस का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही आई," मी म्हटलं. "तुमचा हात धरून बसलेय."